गुप्त्यांचं लेआऊट

यज्ञेश गुप्ते दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा आणि त्याबद्दल त्याला पगार मिळायचा. कर्जतमध्ये हे काम पुष्कळ लोक हौसेनं आणि फुकट करतात, त्यामुळे त्याच्या नोकरीबद्दल गावात कुणाला फारसा आदर नव्हता. त्याच्या हुद्द्याचं नाव टेस्टर. यावरून निम्म्या ओळखीच्यांचा समज असा की तो खोपोलीकडे कुठल्याशा मसाल्याच्या कारखान्यात चवी घेतो. एका लग्नात त्याला आचाऱ्यानं बाजूला नेऊन मठ्ठा चाखायला लावला होता. त्यानं चाखला. मीठ कमी होतं. तसं त्यानं सांगितलं. चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची: हजेरी, गुणपत्रकं, शाळा सोडल्याचे दाखले. मुख्य कचेरी वाशीला आणि कर्जतला एक शाखा, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर. या शाखेत बसून यज्ञेश चुका शोधायचा आणि त्या 'बग ट्रॅकर' नावाच्या पानावर नोंदवायचा. तिथून चूक दुरुस्त करणाऱ्याकडे जायची, आणि दुरुस्त झाली की 'बंद करा' या बटणानं तिचा निकाल लागायचा. निदान तशी व्यवस्था होती. प्रत्यक्षात त्या पानावर चाळीसेक चौकोन एकमेकांच्या उरावर बसले होते आणि 'जतन करा'ला चिकटून 'बंद करा' होतं. निम्म्या चुका बोट घसरल्यामुळेच बंद व्हायच्या. शाळा मात्र फोन करतच राहायच्या.

यज्ञेशची बायको ईशानी कर्जतच्याच एका शाळेत कारकून होती आणि दुर्दैवानं त्या शाळेनं हेच सॉफ्टवेअर घेतलं होतं. दाखला छापताना त्यातला 'ळ' गळून पडायचा. पळसदरीहून येणाऱ्या मुलांच्या दाखल्यावर गावाचं नाव 'पसदरी' यायचं. ईशानी दर वेळी पेनानं 'ळ' घालायची, शेजारी सही करायची आणि घरी येऊन नवऱ्याकडे बघायची. "माझ्या ळचं काय झालं?" असं ती विचारायची तेव्हा तो ळ यज्ञेशनंच खाल्ला असावा असा तिचा सूर असे.

एका सोमवारच्या मीटिंगमध्ये यज्ञेश म्हणाला, "चुका नोंदवायचं हे पान हीच एक मोठी चूक आहे." हे वाक्य त्यानं शनिवारपासून तयार ठेवलं होतं. कुणी हसेल अशी त्याची अपेक्षा होती. पडद्यावरचा शौनक हसला नाही. हा वाशीचा मॅनेजर, यज्ञेशपेक्षा बराच लहान, आणि समोरच्याला टाळायचं असलं की 'सर' म्हणणारा.

"वा, सर," शौनक म्हणाला. "मग याचं नवीन लेआऊट तुम्हीच करा. मोठ्या साहेबांना दाखवू."

यज्ञेशनं आयुष्यात कधी काही बनवलं नव्हतं, बनवलेलं फक्त नापास केलं होतं.  त्याला एकदमच घाबरल्यासारखं आणि आनंद झाल्यासारखं वाटलं.

आता इथे एक खुलासा करणं भाग आहे. जगात इतरत्र लेआऊट म्हणजे पानाची मांडणी असेल. कर्जत-खालापुरात लेआऊट म्हणजे एकच: शेतजमिनीचे तुकडे पाडून, मध्ये रस्ता काढून, मुंबईकरांना विकायचे प्लॉट. चहाच्या टपरीवर हा शब्द उच्चारला तर चहावालासुद्धा गाळणी खाली ठेवून ऐकतो. यज्ञेश जन्मापासून कर्जतला राहत होता, त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. पण तो त्या दिवशी हवेत होता, आणि सलूनच्या खुर्चीत बसून, गळ्याला फडकं गुंडाळलेल्या अवस्थेत, शौनकशी मोठ्यानं फोनवर बोलला.

"हो, लेआऊट पूर्ण माझ्याकडे आलंय. जुनं सगळं पाडायचं. नाही नाही, अजून मंजुरी बाकी आहे. वरून होईल ती."

कात्री थांबली. बाकावर बसलेल्या दोघांनी पेपर खाली घेतले. त्या दिवशी न्हाव्यानं त्याला न मागता डोक्याला मालीश करून दिलं आणि निघताना "येत जा, साहेब" असं म्हणून दार उघडलं. यज्ञेशला वाटलं, नवीन जबाबदारीचं तेज चेहऱ्यावर दिसत असावं.

दुसऱ्या दिवशी गजाशेठ माडी चढून आले. हे इमारतीचे मालक. कडावला त्यांची भातशेती होती, त्यातली काही अजून होती. त्यांची पुतणी हर्षला याच कचेरीत प्रोग्रॅमर होती आणि यज्ञेशच्या नव्या पानाचं प्रत्यक्ष काम तीच करणार होती. गजाशेठ एरवी वर यायचे ते पाण्याची मोटार कुणी चालू ठेवली हे ओरडायला. आज त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"गुप्तेसायब, तुमी आमाला कायच बोल्ला नाय."

"कशाबद्दल?"

"लेआऊट करताय म्हनं."

"अहो, हो!" यज्ञेश खूश झाला. जागामालकालाही आपल्या कामात रस आहे! "करतोय खरं."

"कंच्या अंगाला?"

"आमचं सगळं वाशीच्या सर्व्हरवर असतं."

"वाशीची पार्टी हाय व्हय!" गजाशेठनी मान डोलावली. "किती पाडले?"

"आधी चाळीस होते. नुसती गर्दी. मी चौदाच ठेवलेत, प्रत्येकाच्या चहूबाजूंनी मोकळी जागा."

"मोठं मोठं केलंय म्हंजे. आनि येन्ये झालाय ना?"

आता 'एनए' म्हणजे गजाशेठच्या लेखी जमीन बिगरशेती झाल्याचा सरकारी हुकूम, ज्याच्यासाठी माणसं चपला झिजवतात. यज्ञेशच्या पानावर 'एनए' म्हणजे 'लागू नाही' हा पर्याय, जो आळशी लोक सगळीकडे निवडायचे.

"एनए मी काढूनच टाकलं," तो अभिमानानं म्हणाला. "कटकट नुसती. कशाला हवंय?"

गजाशेठचा चेहरा उतरला आणि मग त्यावर हळूहळू आदर पसरला. "काडूनच टाकलं," ते पुटपुटले. "गुप्तेसायब, तुमचे हात लय वरपत्तूर हायेत." जाताना त्यांनी स्वतः मोटार बंद केली.

हर्षला कॉम्प्युटरमागे तोंडात ओढणी कोंबून बसली होती. पण तिनं काही सांगितलं नाही. काकाला एकदा तरी कुणीतरी गंडवावं अशी तिची जुनी इच्छा होती.

खरी परिस्थिती यज्ञेशला ईशानीकडून कळली. शाळेत तिला मुख्याध्यापिकेनं स्वतःच्या डब्यातली वडी दिली होती आणि विचारलं होतं, की आम्हाला कोपऱ्यावरचा मिळेल का.

"यज्ञेश, लोकांना वाटतंय तू प्लॉट पाडतोयस. उद्याच्या उद्या सगळ्यांना खरं काय ते सांग."

"सांगतो," यज्ञेश म्हणाला. आणि सांगणार होताही. पण सकाळी देवळाच्या ट्रस्टवाल्यांनी त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. ज्या मावसभावानं वास्तुशांतीला बोलावलं नव्हतं त्याचा फोन आला. बँकेत त्याला "बसा" म्हणाले. ज्या माणसाला आयुष्यभर मठ्ठा चाखवला गेला त्याला हे एकदम सोडवत नाही. त्यानं स्वतःशी ठरवलं की आपण कुणाशी खोटं बोलत नाही, फक्त विचारल्याशिवाय काही सांगत नाही. अशी पळवाट दुसऱ्या कुणी काढली असती तर त्यानं ती तत्काळ ट्रॅकरवर नोंदवली असती.

एका माणसाबद्दल मात्र त्याला शंकाच आली नाही. नाना यज्ञेशच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. यज्ञेशचे ते मास्तर, आणि यज्ञेशला चित्रकलेत जेमतेम पास करणारेही तेच. जेवणाच्या टेबलावर यज्ञेश पुठ्ठ्यावर नव्या पानाचे चौकोन आखत बसायचा, तेव्हा नाना संध्याकाळी पेपर न्यायला येत आणि तिथेच थांबत. त्यांना कमी ऐकू यायचं. यज्ञेशनं पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं, आणि नानांनी त्यातला 'लेआऊट' तेवढा ऐकला होता.

"मधली वाट अरुंद झालीय रे," नाना चष्मा कपाळावर चढवत म्हणाले.

"मलाही तेच वाटत होतं." यज्ञेशनं वाट रुंद केली. चित्रकलेचा माणूस सांगतोय!

"आणि हा पूर्वेचा कोपरा कुणाला दिलास?"

नकाशात पूर्व उजवीकडे असते. उजव्या कोपऱ्यात यज्ञेशनं 'बंद करा' बटण ठेवलं होतं. "अजून नक्की नाही, नाना. सध्या तिथे बंद—"

"बंद नको. राखून ठेव. मोकळा राहू दे."

यज्ञेशनं बघितलं. खरंच, कोपरा मोकळा ठेवला तर पान कसं श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. त्यानं 'बंद करा' तिथून उचललं आणि खाली कुठेतरी एका यादीच्या पोटात घातलं. "ठेवला राखून," तो म्हणाला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मास्तरांना पहिल्यांदाच आपलं चित्र आवडलंय, असं यज्ञेश समजला.

मंजुरीचं प्रकरण यापुढचं. पान बदलायचं तर बदलाची विनंती त्याच जुन्या पानावर भरायची होती. त्यात 'कोणत्या शाळेची तक्रार?' हा चौकोन सक्तीचा. शाळा कुठलीच नव्हती, म्हणून त्यानं 'इतर' निवडलं. 'इतर'साठी वेगळ्या अधिकाऱ्याची परवानगी लागे, आणि तो अधिकारी कधीच नोकरी सोडून बहारीनला गेला होता. नवा अधिकारी नेमायचा तर जुन्याची परवानगी हवी. शेवटी हर्षलानं त्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी परवानगी देण्याआधी यज्ञेशला मागच्या कंपनीची, हवापाण्याची आणि प्रकृतीची इत्थंभूत माहिती विचारली, कर्जतचा वडापाव आता कसा लागतो ते विचारलं, आणि फोनवरच रडले. परवानगी आली. विनंती जतन करताना यज्ञेशचं बोट घसरलं आणि ती बंद झाली. बहारीनला पुन्हा फोन लावावा लागला. ते पुन्हा रडले.

मोठ्या साहेबांना पान दाखवायचं ठरलं ते त्यांच्या खालापूरच्या फार्महाउसवर, रविवारी. जायचं कसं, हा प्रश्न गजाशेठनी सोडवला. त्यांनी जीपच दारात आणून उभी केली. त्यांना वाशीची पार्टी डोळ्यांनी बघायची होती. यज्ञेशनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात जिन्यावरून नाना उतरले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. अंगावर अत्तर.

"मीही येतो," ते म्हणाले. "मला बघायचंय."

माझं पान बघायला मास्तर येताहेत, या विचारानं यज्ञेश इतका गहिवरला की गजाशेठना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. हर्षला मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "सर, मला हे काय ठीक दिसत नाय." तिला पान म्हणायचं होतं की पुढे बसलेली माणसं, ते तिनं सांगितलं नाही.

फार्महाउसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरनं गुलाबी भिंतीवर चित्र पाडलं. मोठे साहेब सोफ्यावर, शौनक शेजारी. गजाशेठनी वाकून नमस्कार केला. नाना पहिल्या खुर्चीत ताठ बसले. भिंतीवर चौदा चौकोन उमटले. गुलाबी रंगात ते जरा भाजल्यासारखे दिसत होते.

यज्ञेश बोलायला लागला. हे नाव, ही तारीख, हे त्या चुकीचं वर्णन. गजाशेठनी थोडा वेळ ऐकलं, मग हात वर केला.

"सायब, ते समदं ठीक हाय. पन जमीन कंची?"

"कसली जमीन?" मोठे साहेब म्हणाले.

"लेआऊटची."

  मग शौनकच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसायला लागला. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग सोफ्याच्या हाताला धरून. मोठे साहेबही हसले. गजाशेठ सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. "म्हंजे नुस्तं चित्र हाय?" ते म्हणाले. "तक्रारीचं?"

"हो," यज्ञेश म्हणाला.

"मग दोन आठवडे मी मोटार का बंद करतोय?"

यज्ञेशनं नानांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला होता आणि भिंतीवरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

हसून हसून दमलेल्या मोठ्या साहेबांनी पान लगेच मंजूर केलं. नीट न बघताच. परतीच्या वाटेवर गजाशेठनी पळसदरीच्या फाट्यावर चहाला थांबवलं, पण चहा फक्त स्वतःसाठी आणि पुतणीसाठी घेतला.

सोमवारी नवं पान सुरू झालं. दिसायला ते देखणं होतं, यात वाद नाही. फक्त चूक बंद करायची सोय कुठे आहे ते कुणाला सापडेना. हर्षलाला आणि यज्ञेशला ठाऊक होतं, पण वाशीहून एकामागून एक येणाऱ्या फोनला दोघं किती पुरी पडणार? दुरुस्त झालेल्या चुका उघड्याच राहिल्या, उघड्या चुकांचा ढीग वाढला, आणि नव्या पानावर नोंदली गेलेली पहिली तक्रार नव्या पानाबद्दलच होती. ती शौनकनं लिहिली होती. यज्ञेशनं ती वाचली. एका टेस्टरच्या नजरेनं पाहिलं तर तक्रार नेमकी, थोडक्यात आणि उत्तम लिहिलेली होती. त्यातलं एकही अक्षर खोडायला त्याला जागा सापडली नाही.

दुपारपर्यंत जुनं पान परत आलं. चाळीस चौकोन पुन्हा एकमेकांच्या उरावर. पुढे गावातही सगळं पूर्ववत झालं. न्हाव्यानं मालीश बंद केलं, मावसभाव पुन्हा गप्प झाला, मुख्याध्यापिका डबा एकट्याच खायला लागल्या. उलट आता लोक त्याला हाक मारून विचारत, "काय गुप्ते, आज कुठला प्लॉट?" जुना अनादर निदान अज्ञानातून आलेला होता. हा माहितीवर आधारलेला होता.

नाना पेपर न्यायला येईनासे झाले. ईशानी म्हणाली, "वर जा आणि माफी माग." तो दोन-तीन दिवस टाळत राहिला आणि मग एका संध्याकाळी पेपर घेऊन गेला.

दार नानांनीच उघडलं. ते बाहेर आले आणि दार मागे लोटून घेतलं.

"नाना, मला खरंच कळलं नाही, की तुम्ही—"

"हळू बोल," नाना म्हणाले. ज्यांना कमी ऐकू येतं ते स्वतः किती हळू बोलू शकतात ते यज्ञेशला पहिल्यांदा कळलं. "हिला काही बोलू नकोस. मी सांगितलंय की काम लांबलंय. ती तीन वर्षांत जिना उतरलेली नाही रे. गुडघे. मी म्हटलं होतं, यज्ञेशच्या लेआऊटमध्ये बैठं घर बांधू, दारातून थेट अंगणात. दोन खोल्या. बास."

यज्ञेशनं मान हलवली. दुसरं काय करणार?

आत चारुलताकाकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. गजाआड तेलाच्या डब्यांमधून अनंताची आणि सोनटक्क्याची रोपं ओळीनं लावलेली. "बस रे," त्या म्हणाल्या. "अहो, याच्यासाठी चहा टाका ना. आलं किसून." नाना आत गेले. भांड्याचा आवाज येईपर्यंत काकू थांबल्या आणि मग पुढे वाकल्या.

"मला ईशानीनं सांगितलंय सगळं," त्या म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात. पण ह्यांना बोलू नकोस मला कळलंय म्हणून."

"काकू, माझी चूक—"

"ती राहू दे. अरे, निवृत्त झाल्यापासून ह्यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती. आता रोज धरतात. रोज संध्याकाळी मला विचारतात, चूल कुठे, खिडकी कुठे. इतकं तर आम्ही लग्न झाल्यावरसुद्धा बोललो नव्हतो. तू आपला सांगत जा अधूनमधून, की काम चालू आहे."

अशा रीतीनं, नसलेलं लेआऊट यज्ञेशकडे दुसऱ्यांदा आलं, आणि या वेळी दोघांनीही त्याला ते बंद करायला मनाई केली होती.

नाना चहा घेऊन आले. काखेत कागदाची गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: चष्म्याचं घर, काकूंची मलमाची बाटली, दोन कप. पेन्सिलीनं काढलेलं घर. खिडक्या, चूल, ओटा, अंगणातली झाडंसुद्धा एकेक पान करून काढलेली.

"बघ जरा," नाना मोठ्यानं म्हणाले, काकूंना ऐकू जाईल असं. "तुमचं ते मंजुरीचं व्हायच्या आत नकाशा तयार असावा. चूक काढ. तुझं कामच आहे ते."

यज्ञेशनं कागद जवळ ओढला आणि कधी नव्हे इतक्या बारकाईनं बघायला लागला. चूक सापडावी असं त्याला वाटत होतं. सापडली तर निदान काहीतरी नीट करता येईल. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग दाराशी त्याची नजर थांबली.

"नाना, दाराला पायरी काढायची राहिली."

"राहिली नाही," नाना म्हणाले. "ठेवलीच नाही."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. यज्ञेशनं चहाचा कप उचलला तसा कागदाचा तो कोपरा वर उचलला गेला. नानांनी घाईघाईनं हातानं तो दाबून धरला, आणि चहा संपेपर्यंत तसाच धरून बसले.